बोट चालवणाराच पाण्यात पडला तर?

प्रश्न :
माझ्या मोठ्या दिरांनी पाच मीटरची पॉवरबोट घेतली आहे. मागे आउटबोर्ड इंजिन आहे आणि बोट चांगलीच पळते. सुट्टीला आम्ही सगळे तिच्यातून जातो : भाऊजी, जाऊबाई, माझे यजमान, मी आणि दोन्ही घरांतली मिळून तीन मुलं. मुलांनी लाइफ जॅकेट घातलंच पाहिजे हा भाऊजींचाच नियम आहे, पण ते स्वतः कधी घालत नाहीत. त्यांचं जॅकेट सीटखाली असतं. इंजिनच्या बटणापासून एक लाल, पिळाची दोरी येते. चालवणाऱ्याने ती पायाला अडकवायची असते असं मी वाचलं. भाऊजी ती थ्रॉटलच्या, म्हणजे वेग कमीजास्त करायच्या दांड्याला गुंडाळून ठेवतात. म्हणतात, "जरा मागे वळलं की इंजिन बंद पडतं, नुसती कटकट." ते पट्टीचे पोहणारे आहेत आणि बोटीतलं त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. मी हे बोलले तर आगाऊपणा वाटेल का? आणि खरंच एवढं गरजेचं आहे, की मीच उगीच घाबरते आहे?
– एक वाचक

उत्तर :

ताई, तुम्ही उगीच घाबरत नाही आहात. तुमच्या पत्रातली जॅकेटची गोष्ट काळजीची आहेच, पण दोरीची गोष्ट त्याहून जास्त काळजीची आहे. म्हणून आधी दोरीचं सांगते.

तिला किल कॉर्ड म्हणतात, कुणी सेफ्टी लॅनयार्ड म्हणतं. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या अंगाला असतं. दुसऱ्या टोकाची छोटी क्लिप इंजिनच्या बटणामागे बसते आणि बटण बाहेर ओढून धरते. चालवणारा जागेवरून फेकला गेला की दोरी ताणली जाते, क्लिप निघते, बटण आत जातं आणि इंजिन तिथल्या तिथे बंद होतं. एवढंच तिचं काम. भाऊजींच्या बोटीत मात्र ती दांड्याला गुंडाळलेली आहे. म्हणजे भाऊजी पाण्यात पडले तरी क्लिप जागेवरच राहणार आणि इंजिन चालूच राहणार.

मग पुढे काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण भाऊजींशी बोलताना हाच मुद्दा उपयोगी पडेल. स्वार पडला तर घोडा थोडं पळून थांबतो. बोट थांबत नाही. थ्रॉटल जिथे असेल तिथेच राहतो. स्टिअरिंगवरचा हात सुटला की फिरत्या प्रोपेलरच्या ओढीने इंजिन बहुतेक वेळा एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरायला लागते. फिरत फिरत ती पुन्हा तिथेच येते, जिथे माणूस पडलेला असतो. पाण्यात तरंगणाऱ्या माणसाला बोटीपुढून बाजूला होता येत नाही. तीस नॉट वेगाची बोट सेकंदाला सुमारे पंधरा मीटर कापते. मिनिटाला ३,२०० फेरे घेणाऱ्या तीन पात्यांच्या प्रोपेलरचे सेकंदाला १६० वार होतात. आता बोट आली, आता बुडी मारतो, असा हिशोब करायला तिथे वेळच नसतो.

हे घडलेलं आहे. ५ मे २०१३ रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोजवळ कॅमल नदीच्या मुखापाशी, सहा जणांचं एक कुटुंब वेगवान रबरी बोटीतून चाललं होतं. आईवडील आणि चार मुलं. जोराच्या वळणात सहाही जण बाहेर फेकले गेले. किल कॉर्ड कुणाच्याही अंगाला लावलेली नव्हती. रिकामी बोट गोल फिरत राहिली आणि पाण्यातल्या माणसांवर पुन्हा पुन्हा येत राहिली. वडील आणि आठ वर्षांची एक मुलगी गेली. आई आणि एक मुलगा गंभीर जखमी झाले. शेवटी तिथल्याच एका जाणकाराने दुसऱ्या बोटीतून जवळ जाऊन त्या फिरत्या बोटीत उडी घेतली, तेव्हा ती थांबली. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने या अपघाताचा सविस्तर अहवाल काढला. किल कॉर्ड लावलेली असती तर बोट थांबली असती, हे त्यातून स्पष्ट होतं. ही माणसं अडाणी नव्हती, बेफिकीरही नव्हती. तुमच्यासारखंच सुट्टीला निघालेलं घर होतं.

आता भाऊजींच्या अनुभवाबद्दल. मी बोट चालवायला शिकवते आणि अनुभवी माणसांकडून हे कायम ऐकते : "मी कशाला पडेन?" त्यांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण अनुभवी माणूस बोटीतून पडतो तेव्हा बहुतेक वेळा चूक त्याच्या चालवण्यात नसतेच. शेजारून गेलेल्या मोठ्या बोटीची लाट आडवी येते. पाण्याखालच्या ओंडक्याला इंजिनचा पाय थडकतो. स्टिअरिंगची केबल तुटते आणि बोट अचानक काटकोनात वळते. कधी वळणात बोटीचा तळ पाण्याला असा पकडतो की बोट जागच्या जागी गर्रकन फिरते आणि आतली माणसं सरळ पुढे जातात. यातलं काहीही पूर्वसूचना देऊन येत नाही. अशा क्षणी माणसाला काही करताच येत नाही, आणि दोरी नेमकी त्याच क्षणासाठी आहे.

अमेरिकेत १ एप्रिल २०२१पासून २६ फुटांपेक्षा लहान पॉवरबोट वेगात असताना चालवणाऱ्याने ही दोरी किंवा तसंच दुसरं साधन लावणं कायद्याने बंधनकारक आहे. बंदिस्त केबिनमधून चालवायच्या बोटींना त्यातून सूट आहे, कारण तिथून माणूस सहसा बाहेर फेकला जात नाही. तुमची बोट उघडी आहे. तुमच्याकडे नियम काहीही असो, पाणी सगळीकडे सारखंच वागतं.

"मागे वळलं की इंजिन बंद पडतं" ही तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. ती खरी आहे आणि लोक दोरी काढून ठेवतात ते याच कारणाने. बहुतेक वेळा दोष लावण्याच्या पद्धतीत असतो. दोरी मनगटाला बांधली तर स्टिअरिंग फिरवताना ती चाकात नाहीतर थ्रॉटलमध्ये अडकते आणि क्लिप निघते. मी शिकवते ती पद्धत अशी : गुडघ्याच्या वर, मांडीभोवती दोरीचा एक पूर्ण वेढा घ्यायचा आणि टोकाची कडी दोरीवरच्याच रिंगेत अडकवायची. पँटच्या पट्ट्याच्या बंदाला किंवा खिशाला लावायची नाही. माणसाच्या वजनाचा झटका बसला की कापड फाटतं आणि दोरी बोटीतच राहते. मांडीला लावली की दोन्ही हात मोकळे राहतात, मान वळवून मागे बघता येतं, उभं राहूनही चालवता येतं. फक्त स्टिअरिंग सोडून लांब जाता येत नाही. इंजिन चालू असताना चालवणाऱ्याने तिथून लांब जायचंच नसतं. मुलाचा चष्मा उचलायचा असो की मागची पिशवी काढायची असो, आधी न्यूट्रल, मग इंजिन बंद, मग दोरी काढायची. चालवणारा बदलतानाही हाच क्रम. पॅडस्टोच्या बोटीतही चालवण्याची जागा बदलली जात होती. चालत्या बोटीत "जरा धर" म्हणून स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

कुणी असंही म्हणेल की भर वेगात चुकून दोरी निघाली तर? इंजिन बंद पडेल, प्रोपेलरचं पाणी मागे ढकलणं थांबलं की स्टिअरिंगही फारसं चालणार नाही, आणि उभं असलेलं कुणी पुढे आपटेल. होय, असं होऊ शकतं. म्हणून वेगात सगळ्यांनी बसून, धरून राहायचं. पण थांबलेल्या बोटीतला दणका आणि माणसाविना फिरणारी बोट यांची तुलनाच होऊ शकत नाही.

भाऊजींना दोरी अगदीच नको असेल तर बिनतारी प्रकारही मिळतो. छोटं उपकरण अंगावर ठेवायचं, ते पाण्यात गेलं की इंजिन बंद. काही संचांत प्रवाशांसाठीही अशी उपकरणं जोडता येतात, म्हणजे मूल पडलं तरी इंजिन थांबतं. बॅटरीकडे लक्ष ठेवावं लागतं. माझं मत विचाराल तर साधी दोरी बरी, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. ती दर वेळी तपासायची मात्र असते. निघण्याआधी धक्क्यालाच, इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून पायाने झटका द्यायचा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. खाऱ्या पाण्याने बटण आतून अडकतं आणि दोरी लावलेली असूनही काम करत नाही, हे अशा झटक्याशिवाय कळत नाही. उन्हाने पीळ सैल पडलेली, क्लिपला चीर गेलेली दोरी बदलून टाकायची. तिला सुतळीची गाठ मारून लांबी वाढवायची नाही.

आता जॅकेट. भाऊजी पट्टीचे पोहणारे आहेत, हे तुम्ही कौतुकाने लिहिलं आहे. पण पोहायला माणूस शुद्धीवर असावा लागतो. बाहेर फेकलं जाताना डोकं कठड्यावर किंवा इंजिनवर आपटलं, खांदा निखळला, की पोहणं संपलं. पाणी गार असेल तर धडधाकट माणसालाही ते लगेच पकडतं. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की पहिला श्वास आपोआप, जोराने आत ओढला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर पाणीच आत जातं. पहिलं मिनिटभर श्वासावर ताबाच नसतो. त्यानंतर खूप गार पाण्यात दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. गारठ्याने शुद्ध हरपायला मात्र अनेकदा तास लागतो. म्हणजे थंडीने मरण्याच्या कितीतरी आधी माणूस बुडतो, आणि अंगावर जॅकेट असेल तर तो तासभराचा वेळ त्याला मिळतो.

अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक आकडेवारीत एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते. बोटीच्या अपघातांत बुडून गेलेल्या दहा जणांपैकी आठांहून अधिक जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्यांतल्या कित्येकांच्या बोटीत जॅकेटं होती. सीटखालचं जॅकेट अपघातानंतर घालायचा विचार लोकांच्या मनात असतो. पण पाण्यात पडल्यावर ते हाताशी नसतं, आणि असलं तरी लाटांत तरंगत चेन ओढणं, बकल लावणं किती कठीण आहे, ते एकदा भाऊजींना उथळ, शांत पाण्यात करून बघायला सांगा. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी हे करून घेते. जॅकेट छातीखालून वर निसटतं, एक हात बाहीतून जातो तोवर दुसरा सुटतो, आणि तेही लाट नसताना, हसत खेळत. एवढं केल्यावर पुढच्या वेळी ते निघण्याआधीच जॅकेट चढवतात, मला सांगावं लागत नाही.

कोणतं घ्यावं? जॅकेटवर न्यूटनचा आकडा छापलेला असतो, तो बघा. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल. बहुतेक मोठ्या माणसांना डोकं पाण्याबाहेर ठेवायला तीन ते पाच किलोंची जादा उचल पुरते, म्हणून ५० न्यूटनचं जॅकेट चालतं. पण ते शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसासाठी, किनाऱ्याजवळ आणि मदत हाताशी असताना. बेशुद्ध माणसाचं तोंड ते आकाशाकडे वळवत नाही. १०० न्यूटनचं शांत पाण्यासाठी ठीक. १५० न्यूटनचं बहुतेक वेळा माणसाला उताणं करतं. बोट वेगाने चालवणाऱ्या आणि किनाऱ्यापासून लांब जाणाऱ्या मोठ्या माणसांसाठी मी तेच सुचवेन.

भाऊजींना उकडतं, जाड फोमचं जॅकेट अडचणीचं वाटतं, असं असेल तर त्यांना फुगणारं जॅकेट दाखवा. मानेवरून दोन पट्ट्यांसारखं बसतं, अंगावर आहे हे विसरायला होतं, आणि पाण्यात पडल्यावर आतल्या सिलिंडरमधल्या वायूने फुगतं. आपोआप फुगलं नाही तर ओढायची दोरी असते, तोंडाने फुंकायची नळीही असते. त्याची निगा मात्र राखावी लागते. बोटीच्या थरथरीने सिलिंडर आटे सुटून सैल होतो आणि सैल सिलिंडरचं जॅकेट फुगत नाही. दर वेळी निघताना तो हाताने फिरवून घट्ट आहे ना ते बघायचं, खूण हिरवी आहे ना ते बघायचं, फुगवणाऱ्या भागावरची मुदत वाचायची. मधूनमधून तोंडाने फुगवून रात्रभर ठेवायचं, सकाळी मऊ पडलेलं नसावं. आणि ते कोटाच्या आत घालायचं नाही, फुगताना छाती आवळते.

मुलांसाठी मात्र फोमचंच. वजनावरून निवडा, वयावरून नाही, आणि "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं तर अजिबात घेऊ नका. सगळे पट्टे लावून मुलाचे हात वर करायला सांगा आणि जॅकेटचे खांदे धरून उचला. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यातही तसंच वर जाईल आणि मूल खाली सरकेल. पायांमधून जाणारा पट्टा असलाच पाहिजे आणि तो लावलेलाच पाहिजे. मानेमागे पकडायची मूठ असेल तर उत्तम, त्या मुठीला धरून मूल बोटीत ओढता येतं. हे सगळं मोठ्यांनाही लागू आहे. वेगात पाण्यावर आपटताना उघडी चेन किंवा ढिले पट्टे असतील तर जॅकेट अंगावरून निघून जातं.

आता तुमचा खरा प्रश्न, भाऊजींना कसं सांगायचं. बोटीत, मुलांसमोर, निघायच्या घाईत बोलू नका. तिथे कुणालाही ते टोमण्यासारखंच लागेल. आधी यजमानांशी बोला, मग दोघं मिळून घरी, निवांत असताना विषय काढा. "तुम्ही दोरी का लावत नाही" असं विचारू नका. असं विचारा : "भाऊजी, तुम्ही पाण्यात पडलात तर आम्ही काय करायचं?" हा आगाऊपणा नाही, कारण याचं उत्तर तुम्हाला माहीत असणं गरजेचं आहे. त्या बोटीत ते सोडून कुणालाच बोट चालवता येत नसेल तर त्यांच्यामागे तीन मुलं आणि तीन मोठी माणसं चालत्या इंजिनबरोबर एकटी राहतात. दोरी त्यांच्या जिवासाठी तर आहेच, पण तुम्हा सहा जणांसाठीही आहे. जबाबदार माणसाला हे पटतं. जे मुलांना जॅकेट घातल्याशिवाय बोटीत बसू देत नाहीत, ते जबाबदार आहेतच.

आणि त्यांना शिकवायला सांगा. तुम्ही, तुमचे यजमान आणि जाऊबाई, तिघांनीही एवढं शिकून घ्या : थ्रॉटल न्यूट्रलला कसा आणायचा, क्लिप ओढून इंजिन कसं बंद करायचं, पुन्हा चालू कसं करायचं, आणि पडलेल्या माणसाजवळ बोट हळू कशी न्यायची. कुणी पडलं तर एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. लाटांत डोकं क्षणात दिसेनासं होतं. जवळ पोचलात की इंजिन बंद. न्यूट्रल पुरेसं नाही, गडबडीत कुणाचा तरी धक्का दांड्याला लागतो. मुलं पोहून मागच्या शिडीने चढतात तेव्हाही हेच : शिडी प्रोपेलरच्या शेजारी असते, म्हणून कुणीही पाण्यात असेल तोवर इंजिन बंद.

एवढं बोलूनही भाऊजींनी ऐकलं नाही तर? मग तुम्ही आणि मुलं त्या बोटीत बसू नका. भांडू नका, पण कारण लपवूही नका. "दोरी लावली नाही तर आम्ही येणार नाही" एवढं शांतपणे सांगायचा हक्क तुम्हाला आहे, मान त्यांचा कितीही असला तरी. माझा अंदाज, तशी वेळ येणार नाही.

एक गोष्ट राहिली. भाऊजी दोरीसकट पाण्यात पडले तर क्लिपही त्यांच्याबरोबर जाईल, आणि तिच्याशिवाय बऱ्याच इंजिनांना पुन्हा चालू करता येत नाही. म्हणून बोटीत दुसरी किल कॉर्ड हवीच, स्टिअरिंगजवळ, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. ती तुम्हीच आणून द्या. क्लिपचा आकार कंपनीगणिक वेगळा असतो, तेव्हा दुकानात जाण्याआधी इंजिनवरचं नाव आणि मॉडेल लिहून घ्या, आणि आणल्यावर बटणावर लावून एकदा झटका देऊन बघा.